मदत हवी आहे: चेनसॉचं कॉम्प्रेशन खरंच कमी आहे की गेज चुकीचा?

नमस्कार मंडळी. बागेतल्या फांद्या तोडायला 50 सीसीचा टू-स्ट्रोक चेनसॉ वापरतो. थंड असताना चालू होतो, पण तापल्यावर बंद केला की लवकर स्टार्ट घेत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघायला प्लग काढून त्या जागी गेज लावला आणि थ्रॉटल पूर्ण दाबून, काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टरची दोरी ओढली. 95 पीएसआय. एवढ्या इंजिनाला निदान 120 तरी हवं ना?

माझा संशय गेजवर आहे. तो गाडीचा आहे, नळी हातभर लांब, आणि दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह प्लगकडच्या टोकाला नसून डायलपाशी. त्यामुळे नळीतली जागाही चेंबरमध्ये धरली जाते. गाडीला त्याने फारसं बिघडत नाही, पण या एवढ्याशा सिलिंडरला ती जागा फार होते, रीडिंग कमीच येणार.

सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनही बघितला. रिंगखाली बारीक उभे ओरखडे आहेत, नखाला लागत नाहीत. दोरी धरून मशीन उचललं तर सावकाश खाली येतं, म्हणजे कॉम्प्रेशन तितकं वाईट नसावं असं वाटतं.

टोकाला व्हॉल्व्ह असलेला गेज कुणी वापरता का? फरक साधारण किती पडतो? आणि रिंग बदलून भागेल की पिस्टन-सिलिंडरचा सेटच घ्यावा? पावसाआधी घरावर झुकलेल्या फांद्या उतरवायच्या आहेत, अनुभवी लोकांनी कृपया सांगा.