सोफ्यामागचा रेडिएटर

प्रश्न (मालवण): माझी लेक एडिंबरोला राहते. तिच्या सोफ्यामागे रेडिएटर (आत गरम पाणी खेळवून खोली तापवणारे, भिंतीलगतचे उपकरण) आहे. सोफ्याची पाठ हाताला गरम लागते, पण खोली गारच राहते. जागेअभावी सोफा दुसरीकडे हलवता येत नाही. काय करावे?

उत्तर (दाभोळ): जहाजाच्या इंजिनरूममध्ये माझी नोकरी झाली. रेडिएटर मुख्यतः हवा तापवतो. खालून गार हवा शिरून वरून गरम हवा निघायला वाट हवी, म्हणून सोफा किमान 15 सेंटिमीटर पुढे ओढावा आणि पडदा रेडिएटरवर लोंबू देऊ नये.

उत्तर (गुहागर): शिवाय, सोफ्यामागे कोंडलेल्या उष्णतेने रेडिएटरवरचा थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह (आसपासच्या हवेच्या तापमानानुसार गरम पाणी कमी-जास्त करणारी झडप) खोली तापण्याआधीच पाणी रोखतो. खरा दोष मला तोच वाटतो. भिंत बाहेरची असल्यास रेडिएटरमागे परावर्तक (उष्णता खोलीकडे परतवणारी) फॉइल जरूर लावावी.

प्रश्नकर्ती: सोफा वीतभर ओढायला तिला आजच सांगते.