'टेक्सास' गोदीत नेली ते ठीक, पण परत का नाही आणायची?

गलबत्या

३१ ऑगस्ट २०२२ ला पहाटे ह्यूस्टनजवळच्या सॅन जॅसिंटोहून टग बोटींनी 'यूएसएस टेक्सास' ही युद्धनौका ओढून बाहेर काढली आणि दुपारी चाळीसेक मैलांवरच्या गॅल्व्हस्टनच्या सुक्या गोदीत, म्हणजे दुरुस्तीसाठी जहाज पाण्याबाहेर घेतात तिथे, पोचवली. जगभरच्या जहाजवेड्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण दुरुस्ती झाल्यावर ती सॅन जॅसिंटोला परतणार नाही, गॅल्व्हस्टनलाच राहणार, असं ठरलं. माझा आक्षेप तिथे आहे.

ज्यांना ही नौका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९१४ साली अमेरिकी नौदलात दाखल. १४ इंची १० तोफा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश ताफ्याबरोबर, दुसऱ्यात उत्तर आफ्रिका, नॉर्मंडी, शेरबूर, इवो जिमा, ओकिनावा. नॉर्मंडीत आघाडी आत सरकली तशी लक्ष्यं पल्ल्याबाहेर गेली. तोफा तर आणखी वर उचलता येईनात. तेव्हा एका बाजूच्या टाक्यांत मुद्दाम पाणी भरून अख्खी नौका कलती केली आणि मारा चालू ठेवला. दोन्ही महायुद्धं लढलेली ड्रेडनॉट (एकसारख्या मोठ्या तोफांच्या) जातीची अशी नौका जगात दुसरी उरलेली नाही.

२१ एप्रिल १९४८ ला तिचं संग्रहालय झालं. तारीख मुद्दाम निवडलेली. १८३६ मध्ये याच तारखेला सॅन जॅसिंटोची लढाई जिंकून टेक्सासने मेक्सिकोपासून स्वातंत्र्य मिळवलं. त्याच रणभूमीच्या कडेला ती ७४ वर्षं उभी होती. ते दोन्ही मिळून एक स्मारक होतं.

आता मुख्य मुद्दा. २००७ मध्ये टेक्सासच्या मतदारांनी तिला कायमची कोरडी जागा बांधण्यासाठी अडीच कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली होती. ती जागा झाली नाही, पैसा ठिगळं लावण्यात गेला. खारट पाण्यात लोखंड ठेवलं तर ते गंजणारच, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. ब्रिटनची 'व्हिक्टरी' ही जुनी लाकडी युद्धनौका १९२२ पासून पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत आहे. जपानची 'मिकासा' योकोसुकाला काँक्रीटमध्ये बसवलेली आहे. संग्रहालय झालेली नौका पाण्याबाहेर आणि आपल्या जागीच हवी. दर पिढीला एकदा गोदीची वारी करणं ही निर्णय टाळण्याची युक्ती आहे. मतं येऊ देत.

रिव्हेटवाली

असहमत. जहाजदुरुस्तीत काही वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

जहाज पाण्याने उचललेलं असावं, या हिशेबाने बांधतात. पाणी तळाला सगळीकडून सारखा आधार देतं. गोदीत ठोकळ्यांवर ठेवलं की तेच वजन मोजक्या जागी येतं. दुरुस्तीपुरतं चालतं, शंभर वर्षं चालत नाही. तुम्ही दिलेलं 'व्हिक्टरी'चं उदाहरणच बघा. सुक्या गोदीत ती स्वतःच्याच वजनाने खचत गेली. शेवटी जुने आधार काढून तिला शंभराहून जास्त नवे खांब द्यावे लागले, तेही भार मोजता येईल असे. 'मिकासा'चं म्हणाल तर तिचा तळ काँक्रीटमध्ये गाडला गेलाय. तो तपासायला आत कोण उतरणार?

शिवाय गंज काही फक्त खालून येत नाही. १९६८ मध्ये 'टेक्सास'चा कुजलेला लाकडी डेक काढून त्या जागी काँक्रीट ओतलं. काँक्रीटला तडे गेले, पावसाचं पाणी त्यातून खाली झिरपत राहिलं आणि आतलं पोलाद वर्षानुवर्षं भिजत बसलं. १९८८-९० च्या गोदीत ते काँक्रीट उखडून परत लाकूड घातलं. म्हणजे सुक्या जागेत ठेवली असती तरी हा रोग झालाच असता.

आणि सगळ्यात मोठी गोम. ठोकळ्यांवर बसवायची तर तिचा तळ आधी धड हवा. चिखलात रुतलेली, जागोजागी चाळण झालेली नौका सरळ कोरड्यात घेतली असती तर तिथेच पोटातून फाटली असती. कोरडी जागा बांधली असती तरी आधी गोदी अटळच होती.

तिरपागडा

एवढे जुने पत्रे कापून नवे जोडायचे, रिव्हेटच्या जागी वेल्डिंग करायचं, मग 'टेक्सास' उरली कुठली? नवीन नौकेला जुना पत्ता दिलाय, आणि आता तोही बदलताहेत. :)

रिव्हेटवाली

तिरपागडा, बदललेला बराचसा भाग बाहेरच्या फुगवट्यांचा आहे, म्हणजे टॉर्पेडोचा मार झेलायला दोन्ही कुशींना लावलेल्या टाक्यांचा. ते फुगवटे मुळात १९२५-२७ च्या नूतनीकरणात बसवले होते. त्याच वेळी कोळशाच्या जागी तेल आलं. १९१४ ची नौका १९४४ च्या आधीच 'मूळ' राहिली नव्हती. आत वाफेची दोन्ही प्रचंड इंजिनं जागेवर आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की पत्र्याचं वय विचारावंसं वाटत नाही.

गलबत्या

रिव्हेटवाली, तळाचा मुद्दा मान्य. पण हलवायचीच होती का? विल्मिंग्टनला 'नॉर्थ कॅरोलायना' या संग्रहालय झालेल्या युद्धनौकेभोवती कॉफरडॅम बांधला. चारी बाजूंनी भिंत, आतलं पाणी उपसलं, पत्रे बदलले. नौका इंचभर हलली नाही. 'अलाबामा'चंही तसंच. 'टेक्सास' मात्र जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एकातून ओढत नेली. वाटेत बुडाली असती तर ह्यूस्टनची बोटवाहतूक ठप्प आणि नौकाही गेली. असला जुगार १०८ वर्षांच्या म्हातारीवर?

पाणबुड्या

जुगार म्हणाल तर तो ती धक्क्याला उभी होती तेव्हाच चालू होता. पंप अहोरात्र चालायचे, एक रात्र बंद पडले तर संपलं. निघण्याआधी मोकळ्या टाक्यांत पाणी न शोषणारा फोम ठासून भरला. पाण्याला शिरायला जागाच ठेवली नाही, मग ओढली. याला मी जुगार म्हणणार नाही.

न हलवण्याचा जुगार कसा असतो तेही बघा. त्याच २०२२ च्या एप्रिलमध्ये बफेलोला 'द सुलिव्हन्स' ही विनाशिका धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच पाणी शिरून एका कुशीवर कलली आणि तळाला टेकली. चार्ल्स्टनची 'क्लॅमागोर' पाणबुडी त्याच वर्षी भंगारात गेली. फिलाडेल्फियाची 'ऑलिम्पिया' ही युद्धनौका १९४५ नंतर एकदाही गोदीत गेलेली नाही, आणि ती १८९० च्या दशकातली आहे! तिची काळजी करा. उलट 'न्यू जर्सी' ही युद्धनौका २०२४ च्या मार्चमध्ये नदीपलीकडे फिलाडेल्फियाच्या गोदीत नेली, तळ खरवडला, रंगवला आणि जूनमध्ये परत जागेवर आणून उभी केली. फार गाजावाजा नाही, रडारड नाही.

कॉफरडॅमबद्दल एवढंच की त्यात चिखलाच्या वरचा भाग उघडा होतो. चिखलात बसलेला तळ बसलेलाच राहतो. 'टेक्सास'चं दुखणं खालीही होतं.

हिशेबनीस

सगळे लोखंडावर बोलताय, पैशावर कोणीच नाही.

२०१९ मध्ये टेक्सास राज्याने साडेतीन कोटी डॉलर दिले ते उपकार म्हणून नव्हेत, सुटका म्हणून. या पैशात नौका नीट करा, यापुढे एका ना-नफा संस्थेने ९९ वर्षं ती चालवावी, रोजचा खर्च तिकिटांतून काढावा, असा तो व्यवहार आहे. सॅन जॅसिंटोला तेवढी माणसं येत नाहीत. आजूबाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने, गावाबाहेरची जागा, तिथे मुद्दाम वाट वाकडी करून जावं लागतं. गॅल्व्हस्टनला समुद्रकिनारा आहे, क्रूझची जहाजं लागतात, १८७७ चं 'एलिसा' हे शिडाचं जहाज आधीच संग्रहालय म्हणून उभं आहे. पर्यटक तिथे आयता आहे.

राहता राहिलं तुमचं 'दोन्ही मिळून एक स्मारक'. १८३६ ची लढाई झाली तेव्हा पोलादी युद्धनौका हा प्रकारच नव्हता. नाव 'टेक्सास' म्हणून ती तिथे आणून ठेवली, एवढाच संबंध. नाव तर गॅल्व्हस्टनलाही तेच राहील.

गलबत्या

हिशेबनीस, संबंध ठेवल्याने तयार होतो. ७४ वर्षं माणसं शाळेच्या सहलीला तिथे गेली, आजोबांनी नातवाला दाखवली. हे तिकिटाच्या खिडकीवर मोजता येत नाही म्हणून ते नव्हतंच, असं नका म्हणू. आणि क्रूझवाला प्रवासी बोट सुटायला दोन तास आहेत म्हणून टाइमपास करायला येईल, त्याला १४ इंची तोफेचं काय?

हिशेबनीस

तो टाइमपासचा पैसा पंप चालवेल. आजोबांच्या आठवणी चालवणार नाहीत.

तळकोकणी

तुमचं भांडण वाचून हेवा वाटला. नौका इथे ठेवायची की चाळीस मैलांवर, यावर वाद घालताय. आमच्याकडे तेरावंसुद्धा उरकलं.

पहिली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये धोकादायक म्हणून लोकांना बंद केली, २०१४ मध्ये साठेक कोटींना विकली आणि दारूखाना या मुंबईतल्याच जहाजतोडणीच्या भागात तोडली. तिच्यासाठीही टग आलेच होते, फक्त ते गोदीकडे न्यायला आले नव्हते. मग 'विराट'. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. आमच्याकडे काही दिवस गावोगाव तोच विषय होता. २०२० मध्ये ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला चढवली.

त्यामुळे गलबत्या, 'आपल्या जागीच हवी' हा हट्ट मला परवडत नाही. आधी ती असायला हवी. गॅल्व्हस्टन काय, मंगळावर ठेवा.

हिशेबनीस

तळकोकणी, भावना पोचल्या, पण 'विक्रांत' माझ्याच बाजूने साक्ष देते. दरवर्षी खर्च कोण करणार, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. केंद्र राज्याकडे बघायचं, राज्य खासगी गुंतवणूकदाराकडे, आणि गुंतवणूकदार दुसरीकडेच. ज्या नौकेला कमाई नाही तिला मालक नाही.

तळकोकणी

कमाई नव्हती हे अर्धंच खरं. १९९७ ते २०१२ ही १५ वर्षं हातात होती. त्या काळात कोणी ठरवलं असतं की अमुक साली गोदी, अमुक ठिकाणी कायमचा धक्का, तर कमाईचा प्रश्न तरी उभा राहिला असता. आपण नौका कुजू दिली आणि मग कुजलीय म्हणून विकली. टेक्सासवाल्यांनी उशीर केला, पण शेवटच्या घटकेला का होईना, टग बोलावला.

पाणबुड्या

यात विशाखापट्टणमची 'कुरसुरा' विसरू नका. निवृत्त पाणबुडी सरळ वाळूत ओढून घेतली, २००२ पासून किनाऱ्यावर संग्रहालय आहे. गलबत्यांचं 'पाण्याबाहेर' हे मत तिथे तंतोतंत लागू पडतं. फक्त ती दोनेक हजार टनांची. 'टेक्सास' बांधली तेव्हाच २७ हजार टनांची होती. लहान जहाजाचा उपाय मोठ्याला लावायला गेलं की रिव्हेटवाली म्हणतात तसं पोट फाटतं.

गलबत्या

बरं, जागेचं सोडतो जरा वेळ, लोखंडावर येतो. मार्च २०२४ मध्ये ती गोदीतून उतरवून परत पाण्यात सोडली, आणि गॅल्व्हस्टनचं पाणी सॅन जॅसिंटोपेक्षा जास्त खारं. समुद्राच्या तोंडावरच आहे ते. जुन्या जागी निदान गोडं पाणी मिसळायचं. म्हणजे एवढा खर्च करून रोग्याला जास्त दमट खोलीत हलवला. रिव्हेटवाली, याला काय उत्तर?

रिव्हेटवाली

पाणी जास्त खारं आहे, बरोबर. पण तळाची आता दुरुस्ती झालीय, त्यावर नवा रंग आहे आणि पाण्याखाली ॲनोड, म्हणजे मुद्दाम झिजायला ठेवलेले धातूचे ठोकळे, लावले की आधी ते झिजतात, नौकेचं पोलाद मागे राहतं. हे सगळं चिखलात नीट चालत नाही, तळ मोकळ्या पाण्यात तरंगता असावा लागतो. सॅन जॅसिंटोत गाळ साचून ती रुततच गेली असती, कितीही उपसा केला तरी.

दुसरं म्हणजे गोदी आता त्याच बंदरात आहे. पुढच्या वेळी चाळीस मैल ओढायची गरज नाही, जहाज हलवण्याची सगळ्यांना जी धास्ती वाटते ती तिथे उरतच नाही. जागा निवडताना हे एकच कारण मला पुरेसं वाटलं असतं.

गलबत्या

पुढची वेळ कधी, तेच तर विचारतोय. १९९० ला गोदीतून बाहेर आली ती थेट २०२२ ला आत गेली, ३२ वर्षांनी. मधल्या काळात नेलं का कोणी? ९९ वर्षांच्या करारात ३२ वर्षांच्या हिशेबाने तीनच वेळा गोदी येते. गोदी दर किती वर्षांनी आणि तिचे पैसे आधीपासून बाजूला काढायचे की नाही, हे लेखी ठरलेलं कोणी दाखवलं, तर सॅन जॅसिंटोचा आग्रह मी सोडतो.

हिशेबनीस

हा प्रश्न पहिल्याच पोस्टमध्ये विचारला असतात तर मी तुमच्या बाजूने आलो असतो.