अनुभव सांगा: चार माणसांत बसल्यावर 'काहीतरी' जाणवतं, ते खरं की मनाचे खेळ?

यंदा पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला गेले होते. कुशावर्ताजवळ एक दिंडी थांबलेली, हरिपाठ चालू. मला त्यातला एक अभंग धड पाठ नाही. तरी टाळांचा ठेका वाढला तसा अंगावर सर्रकन काटा आला, डोळे भरले. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, थंडी असेल. पौषातलं त्र्यंबक, तेव्हा तेही खोटं नाही. पण गेल्या वर्षी तिथेच, तशाच थंडीत काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. सगळं लक्ष चपलांत. तुमचं काय? भजन, ध्यान, मिरवणूक, काहीही चालेल. फक्त ऐकीव नको.

*सिडकोतून*
इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना ध्यानाच्या केंद्रात दहा दिवस बसलो होतो. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना देतात. हॉलमध्ये सामूहिक साधनेला बसलं की अंगभर बारीक लहरी. खोलीत एकटा बसलो की गुडघे आणि ऑफिस. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर शेजारच्याला उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, मला पाठीत उसण भरली होती, बाकी काही नाही. आमच्यात हातभर अंतर होतं! तिथे शिकवतात की संवेदना आली तशी जाणार, धरून बसू नका. मी ती अजून धरून बसलोय.

*रविवार कारंजा*
देव मानत नाही. ढोलपथकात सहा वर्षं आहे. विसर्जनाला सगळे ढोल एकदम पडले की छातीत जे होतं, तेच तुम्ही सांगताय. मी त्याला ढोल म्हणतो.

*नाशिक रोड, शरीरशास्त्र शिकवायचो*
हे मोजून झालेलं आहे. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात निखाऱ्यांवरून चालायची प्रथा आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेतली होती. चालणाऱ्याचे आप्त नुसते बसलेले, तरी त्यांचे ठोके त्याच्याबरोबर वरखाली होत होते. परक्या प्रेक्षकांचे तसे झाले नाहीत. तेव्हा काटा येतो तो खराच. पण ठोके जुळले म्हणून वरून काही उतरलं, असं त्यातून निघत नाही. दिंडीत आपण आप्त की प्रेक्षक, एवढं मात्र स्वतःला विचारावं.

*पंचवटी*
सगळे आनंदाचंच सांगताय म्हणून लिहितो. 2003 च्या सिंहस्थात, 27 ऑगस्टला, रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत होतो. आधी जयजयकार, आणि मी कुणी वेगळा नाही असं वाटलं, अगदी तुम्ही म्हणता तसंच. मग रेटा आला. पाय जमिनीला लागेनात. तेव्हाही मी वेगळा नव्हतोच. त्या दिवशी चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. 2015 च्या पर्वणीला घरातून हललो नाही. टीव्हीवर घाट बघतानाही काटा आला, पण तो कसला हे मला अजून सांगता येत नाही.

*गंगापूर रोड*
आमचा एक सत्संग होता, दर गुरुवारी एका बाईंच्या फ्लॅटवर. ध्यान संपलं की कुणीतरी म्हणायचं, "चंदनाचा वास आला ना?" सगळ्या माना डोलवायच्या. मला येत नव्हता. पहिल्या गुरुवारी गप्प बसले, दुसऱ्या गुरुवारी मीही हो म्हटलं. आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायचं हो. दोनेक महिन्यांनी रिक्षात मैत्रिणीने कबूल केलं, तिलाही कधी आला नव्हता. हसून हसून पुरेवाट झाली. वाटलं, बहुतेक सगळ्याच एकमेकींसाठी हो म्हणत असणार.

पण खरी गंमत पुढे आहे. त्यानंतरच्या गुरुवारी मला वास आला. स्पष्ट. उगाळलेल्या चंदनाचा. मैत्रिणीकडे पाहिलं तर ती डोळे मिटून बसलेली. तिला काही बोलले नाही, आजपर्यंत नाही. घरी आले तर लेक दारातच म्हणाली, "आई, साडीला कापराचा केवढा वास येतोय."