डाएट चार्ट लिहिताना हवामानाचा विचार करायचा का? (जळगाव, धुळे, नंदुरबारकरांनी जरूर बोलावं)

कळण्याची_भाकर:
मी जळगावात आहारतज्ज्ञ आहे. मधुमेहाचे पेशंट येतात तेव्हा बरेचदा हातात आधीचा चार्ट असतो. सकाळी ओट्स, दुपारी किन्वा. माणूस धरणगावकडचा, घरात दादरचं, म्हणजे आपल्याकडच्या रब्बी ज्वारीचं पोतं! जगात माणसामुळे बाहेर पडणाऱ्या, हवा तापवणाऱ्या हरितगृह वायूंपैकी साधारण एक तृतीयांश अन्नामुळे निर्माण होतात, शेतापासून फेकलेल्या उष्ट्यापर्यंत सगळं धरून. मग लोकांचं ताट ठरवणाऱ्या आम्ही ‘हा आमचा विषय नाही’ कसं म्हणायचं? दादर रब्बीत काळ्या जमिनीच्या ओलीवर येते, बहुतेक ठिकाणी पाणीही देत नाहीत, वर गुरांना कडबा. त्यात उडीद घालून कळणा दळला की ज्वारीत कमी पडणारं लायसीन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) उडदातून मिळतं. असा चार्ट पेशंटच्याही भल्याचा आणि जमिनीच्याही. माझ्या मते हे आमचं कामच आहे.

भुसावळ_ओपीडी:
असहमत. पेशंट साखर कमी करायला आलाय, पृथ्वी वाचवायला नाही. त्याला पंधरा मिनिटं मिळतात. भाकरी चांगली म्हणून जरूर द्या, पण कारण त्याच्या तब्येतीचंच हवं. उद्या तब्येत आणि हवामान यांत निवड करायची वेळ आली तर तुम्ही कुठे उभ्या राहाल?

सातपुडा_पायथा:
मी नंदुरबारच्या पाड्यांवर अंगणवाड्यांसोबत काम करते. मला भीती वेगळीच वाटते. 2019 साली ईट-लॅन्सेट या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने पृथ्वीला झेपेल असा आहार मांडला, त्यात लाल मांस फार कमी. श्रीमंत देशांना ते लागू आहेच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघालाय. आपलं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. आमच्या गरोदर बाईने काय कमी करायचं? हवामानाचं नाव सांगून कुणी तिच्या ताटातलं अंडं काढलं तर मी भांडेन.

कळण्याची_भाकर:
ताई, मीही तुमच्यासोबत भांडेन. मी अंडं वाढवायलाच सांगते. भाकरीतलं लोह अंगी नीट लागत नाही, म्हणून सोबत लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको, हेही सांगते.
डॉक्टर, निवड करायची वेळ आली तर मी पेशंटच्या बाजूने. पण हवामान त्याच्या तब्येतीबाहेर राहिलेलं नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की गहू-तांदळातलं जस्त, लोह घटतं, हे शेतातल्या प्रयोगांत दिसलंय (2014). मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा मूत्रपिंडाच्या पेशंटला पाणी किती सांगायचं, हा प्रश्न तुम्हालाही पडतोच ना?

भुसावळ_ओपीडी:
उन्हाळ्याचं मान्य. बाकी मत कायम.

अमळनेर_कोरडवाहू:
ताई, तुमनं बोलनं गोड शे, पन दादरले गिऱ्हाईक कोठे शे? आमच्या शिवारात दादर मोडून मका आला तो हौस म्हणून नाही. दादरला पाखरं राखा, कापणीला मजूर शोधा, आणि बाजारात भावाचा भरवसा नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, मग गावातही भाकरी कमी झाली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यही लिहिलंय, तेव्हा दर एक रुपया किलो होता. आमच्या दुकानात मी ते कधी पाहिलं नाही. एकेका पेशंटला चार्ट देऊन आमची पेरणी बदलणार नाही. वसतिगृहं, आश्रमशाळा, दवाखान्यांची स्वयंपाकघरं इथला मेनू तुमचेच लोक ठरवतात ना? तिथे बोला.

कळण्याची_भाकर:
भाऊ, हे मला आधी सुचायला हवं होतं. एका वसतिगृहाचा मेनू माझ्याकडे तपासायला येतो. आठवड्यातून तीन रात्री कळण्याची भाकरी लिहून देते. मुली 140 आहेत.

सातपुडा_पायथा:
भाकरी थापणाऱ्या बायकांची मजुरीही त्यातच धरा. पोळीपेक्षा हात जास्त लागतात.

अमळनेर_कोरडवाहू:
दादर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. किती क्विंटल लागेल तो आकडा त्याआधी द्या. मी आणि भाऊबंद मिळून दोन एकर ठेवतो.