बॅबिलोनमध्ये यहुदी धर्म टिकला तो मिसळल्यामुळे की वेगळं राहिल्यामुळे?

धागाकर्ता
इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने जेरुसलेमचं यहुद्यांचं मंदिर जाळलं आणि लोकांना बॅबिलोनियात नेलं. धर्म तिथे टिकला तो कुंपण घालून बसल्यामुळे, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. आधीच्या खेपेला नेलेल्यांना यिर्मया या संदेष्ट्याने पत्र धाडलं होतं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. लोक तसेच वागले. 'अल-याहुदू' नावाच्या त्यांच्या वस्तीतले मातीच्या पाट्यांवरचे करार सापडलेत. हे लोक जमीन कसतात, सारा भरतात, जव-खजुराचे व्यवहार करतात, आणि मुलांच्या नावांत आपला देव 'याहू' जपतात. महिन्यांची नावंही तिथलीच घेतली. त्यातला तम्मूज तर तिथल्या देवाच्याच नावाचा!

प्रतिसाद १
असहमत. शेती-सारा हे पोटासाठी झालं. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरींनी उत्तरेकडच्या इस्राएलींनाही असंच उचलून नेलं होतं. त्या नेलेल्यांचा वेगळा समाज म्हणून पुढे मागमूस नाही. यहुदी वाचले ते शब्बाथ (शनिवारची सक्तीची विश्रांती), सुंता आणि खाण्याच्या नियमांमुळे. मंदिर एकाच जागी असतं, शब्बाथ कुठेही पाळता येतो. बायबलच्या कथेत बॅबिलोनला नेलेला यहुदी तरुण दानीएल राजाचं अन्न नाकारून भाजी-पाण्यावर राहतो. ती कथा बरीच नंतर लिहिली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात, ते मान्य. पण पुढच्या पिढ्यांनी आदर्श म्हणून कोणाला निवडलं ते बघा.

धागाकर्ता
मग परतलेल्या यहुद्यांचा पुढारी जरुब्बाबेल, त्याचं काय? नावातच 'बाबेल' म्हणजे बॅबिलोन, आणि परत जाऊन मंदिर उभारण्यात पुढाकार त्याचाच.

प्रतिसाद २
प्रतिसाद १ शी सहमत. आपल्या कोकणातले यहुदी, बेने इस्राएली, बघा. बोली मराठी, आडनावं गावांवरून, धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मराठी बोलून त्यांचा धर्म गेला नाही हे खरं, पण शनिवार सोडला असता तर काय उरलं असतं?

धागाकर्ता
शनिवार सोडा असं मी म्हणतच नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या सायरस राजाने बॅबिलोन जिंकलं, परतायची मुभा मिळाली, तरी पुष्कळ जण तिथेच राहिले. त्यांच्याच वंशजांच्या सुरा, पुम्बेदितासारख्या विद्यापीठांतून हजारेक वर्षांनी बॅबिलोनी तल्मूद, म्हणजे यहुदी धर्मनियम आणि त्यांवरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, तयार झाला. मोठा भाग अरामी भाषेत, म्हणजे तिथल्या बोलीत.

प्रतिसाद १
त्याच तल्मूदात मूर्तिपूजकांशी कसं वागावं यावर 'अवोदा झारा' हा अख्खा ग्रंथभाग आहे. त्यांच्या सणाआधी तीन दिवस देवघेव नको, इथूनच सुरुवात. याला मिसळणं म्हणायचं?

धागाकर्ता
पुढे वाचा. बॅबिलोनियातलाच मोठा आचार्य शमुएल तिथे सांगतो की मायदेशाबाहेर ही बंदी फक्त सणाच्या दिवसापुरती. शेजाऱ्यांशी देवघेव केल्याशिवाय तिथे चूल पेटणार नव्हती. नियम त्याने मोडला नाही, तीन दिवसांचा एक दिवस केला. मी मिसळणं म्हणतो ते हेच.