मदत हवी आहे: इजिप्तची अरबी येते, कॅसाब्लांका आणि ट्युनिसमध्ये चालेल का?

प्रश्न: ऑफिसच्या कामासाठी आधी मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकाला, मग ट्युनिशियाच्या राजधानीला, ट्युनिसला जायचं आहे. कैरोची बोली कामापुरती येते. बाजार-टॅक्सीसाठी आणखी काय शिकावं?

प्रतिसाद १: तुमचं बोलणं त्यांना बरंचसं कळेल, इजिप्तचे सिनेमे तिकडे घरोघरी पाहिले जातात. पंचाईत होईल ती त्यांचं उत्तर समजून घेताना.

सगळ्यात आधी क्रियापदं बदला. कैरोत ‘निश्रब’ म्हणजे ‘आपण पिऊ’. लिबियापासून मोरोक्कोपर्यंत मात्र सुरुवातीचा ‘न’ हा ‘मी’चा. मोरोक्कोत ‘न्श्रब’ म्हणजे ‘मी पितो’. ‘आपण’ हवं असेल तर शेवटी ‘ऊ’ लावायचा, ‘नशर्बू’. म्हणजे तुम्ही ‘चला, कॉफी घेऊ’ म्हणालात तर समोरचा ‘मी कॉफी घेतो’ असं समजून शांत बसेल. हे आधी घोटून घ्या. नकाराचा ‘मा…श’ मात्र तिन्हीकडे आहे.

‘आत्ता’ला कैरोत दिल्वअती, कॅसाब्लांकात दाबा, ट्युनिसमध्ये तव्वा. ‘खूप’ला अवी, बझ्झाफ, बर्शा. ‘दोन’ला इत्नेन, जूज, झूझ. कैरोत ‘इंती’ म्हणजे बाईला म्हणायचं ‘तू’, पण ट्युनिसमध्ये पुरुषालाही ‘इंती’ म्हणतात, दचकू नका. आणि मोरोक्कोत ‘आफिया’ म्हणजे आग, त्यामुळे ‘अल्ला तुम्हाला आफिया (आरोग्य) देवो’ हा पूर्वेकडचा आशीर्वाद तिथे चुकूनही देऊ नका.

प्रश्नकर्ता: भाव करताना आकडे कसे ऐकायचे?

प्रतिसाद २: इथेच नवखे फसतात. मोरोक्कोत भाजीवाले, विशेषतः वयस्कर, रियालमध्ये बोलतात. 20 रियाल म्हणजे 1 दिरहम, म्हणून ‘200’ ऐकलं तर 10 दिरहम द्या. ट्युनिसमध्ये 1 दिनार म्हणजे 1000 मिलिम, त्यामुळे ‘अल्फ’ (हजार) म्हणजे एकच दिनार. गोंधळ झालाच तर फ्रेंचमध्ये विचारा, दोन्ही शहरांत चालतं.

आणखी एक, आणि हे मला भाषेइतकंच महत्त्वाचं वाटतं: समोरच्याला सरसकट ‘अरब’ म्हणू नका. कॅसाब्लांकातले बरेच किराणा दुकानदार दक्षिणेकडच्या सूस भागातले अमाझिग, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मूळ रहिवासी (बर्बर) आहेत, त्यांची घरची भाषा ताशेल्हित. 2011च्या संविधानाने मोरोक्कोत अमाझिग भाषेला अधिकृत भाषेचा दर्जा दिला, पाट्यांवर तिची तिफिनाग लिपी दिसेल. ‘अझुल’ म्हणून नमस्कार केलात तर दुकानदार मनापासून खूश होईल.

प्रतिसाद १: जेवणाचंही बघून ठेवा. कुसकुस (रव्याचे वाफवलेले दाणे) दोन्हीकडे, पण मोरोक्कोत तो शुक्रवारी दुपारी, भाज्या घालून, सौम्य. ट्युनिसमध्ये हरिसा (मिरचीचं वाटण) घातलेला, लाल आणि झणझणीत. तिखट सोसत नसेल तर ऑर्डर देतानाच ‘बला हरिसा’ (हरिसाशिवाय) सांगा.