आजोळच्या अंगणात लग्न करावे का?

प्रश्न (विचारणारी: अंजनेरीची भाची)
माझे आजोळ अंजनेरीच्या पायथ्याशी, त्र्यंबक रस्त्यापासून थोडे आत आहे. शाळेला सुटी लागली की आम्ही भावंडे सीबीएसवरून एसटीने तेथे जात असू आणि करवंदांनी जांभळी झालेली बोटे घेऊनच जूनमध्ये नाशिकला परतत असू. माझे लग्न तेथेच, आंब्याखालच्या अंगणात, येत्या वैशाखात व्हावे अशी माझी फार इच्छा आहे. पाहुणे अडीचशे असतील, वऱ्हाड पुण्याहून येईल. आईच्या मते हा निव्वळ हट्ट आहे. आपले काय मत आहे?

उत्तर १ (त्र्यंबककर)
हट्ट आहे, पण महिना बदलल्यास पुरवता येण्याजोगा आहे. आपल्या आठवणी मे महिन्याच्या आहेत आणि अडचणही त्याच महिन्याची आहे. त्र्यंबक तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडत असला, तरी कातळावरून पाणी वाहून जाते आणि एप्रिल-मेमध्ये अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. लहानपणी आपण विहिरीच्या तळाशी कळशी खरवडल्याचा आवाज ऐकला असेलच. अशा वेळी अडीचशे पानांचे खरकटे धुण्यासाठी गावातले पाणी उपसणे मला योग्य वाटत नाही. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरावा. तेव्हा विहीर भरलेली असते. रात्री मात्र चांगलीच थंडी असते, त्यामुळे वऱ्हाडासाठी पांघरुणे मोजून ठेवावीत.

उत्तर २ (पंचवटीतील एक वाचक)
वर्षाचाही विचार करावा. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. शैव आखाड्यांचे स्नान त्र्यंबकला कुशावर्तावर होत असल्याने पर्वकाळात तो रस्ता सामान्य वाहनांना मोकळा मिळण्याची आशा धरू नये. शिवाय गुरू सिंह राशीत असताना लग्न न करण्याची रीत काही घरांत पाळली जाते; सासरी ती आहे का, हे आधीच विचारलेले बरे.

उत्तर ३ (दोन मुलींची आई)
आम्ही थोरलीचे लग्न गावच्या घरी केले. मांडव, आचारी, जनरेटर, सारे व्यवस्थित होते. फजिती झाली ती शौचालयांची. घरात एकच होते आणि व्याह्यांच्या वयोवृद्ध आत्याबाईंना भर मांडवातून शेजाऱ्यांकडे न्यावे लागले. ते आम्हाला अजून ऐकवले जाते! धाकटीच्या वेळी देवक आणि हळद गावी केली, तर लग्न शहरातील कार्यालयात लावले. गावी चाळीसच माणसे होती, पण माझ्या आईला जात्यावर हळद दळताना निवांत बसून पाहता आले. थोरलीच्या लग्नात ती दिवसभर पाहुण्यांना पाणी पुरवत होती.

विचारणारीचे उत्तर
आजीचे जाते पडवीच्या कोपऱ्यात अजून आहे, त्यावर आता मामा कांद्याची पोती ठेवतात. हळद तेथे आणि लग्न नाशिकला, तेही मार्गशीर्षात, यावर आई राजी झाली आहे. पोती कोठे हलवायची, हे मामांना विचारायचे राहिले आहे.